आबाजी मामांच्या बांधावरून

मु. दहिवली, कर्जत

तीर्थस्वरूप आबाजी मामांच्या चरणी,

समिधाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच मानून घ्यावा. आज दिवसभर खालापूरच्या कोर्टात उभी होते, आठातली निम्मी अंगं संपावर आहेत.) तुमच्या गुडघ्यांचं काय म्हणणं आहे? डॉक्टरांनी जिने चढायची मनाई केल्यावर तुम्ही बंद लिफ्टबद्दल सोसायटीच्या चेअरमनला असं काही पत्र लिहिलंत की लिफ्ट तर सुरू झालीच, पण तुम्ही आत असलात की चेअरमन जिन्याने जातो, असं तुमचा जितेश सांगत होता. चंद्रामामीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं हे ऐकून फार बरं वाटलं. आता घरात येणारं प्रत्येक पाकीट तीच आधी उघडते आणि मोठ्याने वाचून दाखवते, हेही कळलं. मामी, तुलाही नमस्कार.

फोन का केला नाही, असं विचाराल. मागच्या वेळी मी फोनवर "मामा, तुमच्या माळाबद्दल" एवढंच म्हणाले आणि तुम्ही "जे असेल ते लेखी दे" म्हणून फोन ठेवलात. हयातभर मास्तरकी केलीत, तोंडी उत्तराला तुमच्याकडे मार्क नाहीत हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून हे लेखी. पण आधीच सांगून ठेवते, माझं काम काही नाही. सहज खुशाली कळवतेय.

माझी वकिली उत्तम चालली आहे. आई म्हणते तशी नाही. आईच्या मते चांगला वकील म्हणजे ज्याच्या दाराशी गाडी उभी असते. माझ्या दाराशी माणसं उभी असतात. कुणाचं झोपडं उठवलेलं, कुणाला वीटभट्टीवाल्याने अडकवून ठेवलेलं, कुणावर फार्महाऊसच्या माडावरचे नारळ चोरल्याचा आळ. (या नारळवाल्या म्हाताऱ्याला खांद्याच्या वर हातच नेता येत नाही, तो माडावर काय चढणार? हाच माझा बचाव. मी भर कोर्टात म्हटलं, "बाबा, साहेबांना हात वर करून दाखवा." आणि त्या भल्या माणसाने, मॅडमने एवढं चारचौघांत सांगितलं तर तिचा शब्द कसा खाली पाडायचा म्हणून, दातओठ खाऊन हात थेट डोक्यावर नेला. मला घाम फुटला. पण वर गेलेला हात काही केल्या खाली येईना आणि शेवटी शिपायाने तो धरून खाली आणला, तेव्हा कुठे साहेबांना पटलं.) फी मिळत नाही हाही आईचा गैरसमज आहे. करवंदं मिळतात, वालाच्या शेंगा मिळतात, पावसाळ्यात शेवळं मिळतात. एकदा तर जिवंत कोंबडा मिळाला. तो मी बाररूममध्ये टेबलाच्या पायाला बांधून युक्तिवादाला गेले आणि युक्तिवाद ऐन रंगात आला असताना त्याने शेजारच्या खोलीतून बांग दिली. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचे सहकारी तुम्हाला थांबायला सांगताहेत की पुढे जायला?"

सांगायचा मुद्दा, माझ्या अशिलांचा दोष एकच आहे. समोरच्या मोठ्या माणसाचं मन मोडणं त्यांना जमत नाही. खोटं बोलणाऱ्या अशिलाला सांभाळून घेणं सोपं असतं, त्याला फक्त गप्प बसवावं लागतं. पाहुणचार करणाऱ्या अशिलाचं काय करायचं, हे आम्हाला लॉ कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

आता उंबरमाळचंच बघा. उंबरमाळ म्हणजे तुमच्या माळाच्या वरची ठाकरवाडी, तिथली पोरं तुमच्या शाळेत यायची. वाडीतून डांबरी रस्त्यावर उतरायची जुनी वाट होती, चांगली बैलगाडी जाईल एवढी. परसाल मुंबईच्या एका शेठने मधली जमीन घेतली, बंगला बांधला, त्याला 'निवांत' असं नाव दिलं आणि निवांतपणा बाहेर सांडू नये म्हणून थेट वाटेवर भिंत घातली. दुसऱ्या बाजूने उतरायचं तर आधी ओहोळ, मग करवंदीची जाळी आणि मग तुमचा माळ. आता तुमच्या माळावर पाय ठेवायची कुणाची छाती? तुम्ही पुण्याला गेलात त्यालाही जमाना झाला, पण गुराखी अजून तुमची हद्द आली की गुरांना हाका न मारता वळवतात. (बकरीच्या मालकाला नोटीस पाठवणारा माणूस म्हणून तुमचं नाव वाडीत लहान मुलांनाही माहीत आहे.)

गेल्या पावसाळ्यात वाडीतल्या सोमीआजीला ताप भरला. तिला झोळीत घालून ओहोळातून उतरवली. आजी वाचली, पण झोळी धरणाऱ्या दोघांचे पाय मुरगळले आणि आजीने शिव्या देत त्या दोघांना दवाखान्यात नेलं, असं वाडीत सांगतात. हसण्यावारी नेतात, पण मैनाने ते सगळं डोळ्यांनी पाहिलंय. मैना म्हणजे वाडीचा म्होरक्या नवशा याची सून. पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले. ती माझा हात धरून म्हणाली, "ताई, माझ्या येळंला गाडी दारात याया पायजे. मी झोळीत नाय जायाची." केस एवढीच आहे, मामा. बाकीची नुसती कलमं.

तर मी तहसीलदारांकडे दावा लावला, की आमची वहिवाटीची वाट मोकळी करून द्या, आम्हाला दुसरा कोणताही रस्ता नाही. शेठने उलट फौजदारी केली, की ही माणसं भिंतीवरून उड्या मारून माझ्या हद्दीत शिरतात. त्यांचा वकील हर्षद. (खोपोलीचा, माझ्याच वर्गातला. तो एकदा घरी आला होता तेव्हा तुम्ही त्याच्याबद्दल "इस्त्री बरी करतो" एवढंच मत दिलं होतंत.) फौजदारीच्या तारखेला मी नवशाकडून घोकून घेतलं होतं, साहेबांनी गुन्हा कबूल आहे का विचारलं की "नाय" म्हणायचं आणि तोंड मिटायचं. साहेबांनी विचारलं. नवशा खणखणीत "नाय" म्हणाला. मग साहेबांना वाईट वाटलं असेल असं त्याला वाटलं असावं, म्हणून पुढे म्हणाला, "पन जातो आमी रोजच. सकाळचं जातो, सांजचं येतो. माझा आजा बी तिकूनच जायाचा. तुमाला जायाचं आसंल तर मी येतो संगती." साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पाणी मागवलं. मामा, हेच वाक्य तहसीलदारांपुढे बोलला असता तर मी त्याला हार घातला असता! एका कचेरीत मला ओरडून सांगायचंय की ही माणसं रोज तिथून जातात, आणि दुसरीत त्याच माणसांनी त्याच वाटेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. हे मी नवशाला समजावून सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग खरं कंच्या साहेबाला सांगायचं?"

पुढे तहसीलदारांनी स्थळपाहणी ठेवली. मी वाडीवर जाऊन सगळ्यांना बसवून सांगितलं. साहेबांना भिंत दाखवायची, त्यावरून उडी मारून दाखवायची, मग पलीकडची जाळी आणि ओहोळ दाखवायचा, बास. एवढं सांगून उठले असते तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण त्यांना हुरूप यावा म्हणून उठता उठता म्हटलं, "उंबरमाळला पाय ठेवणारा हा पहिलाच साहेब बरं का."

पाहणीच्या दिवशी तहसीलदार, त्यांचा कारकून, हर्षद आणि मी, सगळे एकाच जीपमध्ये. शिळफाट्याला चहा झाला, हर्षद उन्हाने वैतागला होता, मी मनातून खूश. भिंतीपाशी पोचतो न पोचतो तोच समोर नवशा, धुतलेला सदरा, हातात लाल टॉवेल, रेल्वेच्या गार्डासारखा हलवतोय. "इकडं नाय साहेब, पुढनं घ्या, पुढनं! चांगला रस्ता क्येलाय!"

जीप वळली. मामा, काय सांगू! करवंदीची जाळी गायब. ओहोळात दगड रचून वर फरशीसारखं सपाट केलेलं. त्यापुढे तुमच्या माळाच्या कडेकडेने, बांधाला धरून, लालबुंद मुरमाचा रस्ता, दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ. नवशाचा मुलगा गजा शिळफाट्यावर टेंपो चालवतो, त्याने मुरूम वाहिला. (मुरूम तुमच्याच माळावरचा. खड्डा अगदीच लहान आहे.) दाबायला रोलर नव्हता, म्हणून अख्खी वाडी ढोल लावून त्या रस्त्यावर फेर धरून नाचली होती. सार्वजनिक बांधकामवाल्यांनी येऊन बघावं असं काम, कुठे खळगा नाही. वाडीच्या तोंडाशी तोरण. (पानं तुमच्या रायवळ आंब्याची. फक्त पानं.) मी मागच्या सीटवर, मांडीवर दाव्याची फाईल, आणि तिच्यात माझ्याच सहीने लिहिलेलं, 'दुसरा कोणताही रस्ता उपलब्ध नाही.'

मी नवशाला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, हे काय केलंत? तो म्हणाला, "पयलाच साहेब येतोय आमच्या घरी. पाव्हना हाय त्यो. त्याला काय भिंतीवरनं उडी मारायला लावू?" यावर कुठल्या कायद्यात उत्तर असेल तर तुम्हीच शोधून कळवा.

हर्षदचा आनंद बघवत नव्हता. तो जीपमधून उतरून त्या रस्त्यावर पुढे-मागे चालला, टाच आपटून बघितली, नवशाला म्हणाला, "झकास केलंय हो!" आणि नवशाने खूश होऊन साहेबांसाठी आणलेला दुसरा हार त्याच्या गळ्यात घातला. मग पाय धुवायला पाणी, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कोंबडीचा रस्सा. हर्षदने मागून मागून खाल्लं. वासावर तुमचा शेजारी जयवंताही खालून वर आला होता, तोच, ज्याच्याशी मधल्या बांधावरून तुमचं माझ्या जन्माआधीपासून चाललंय. कारकुनाने बिरड्याचे हात पुसून पंचनाम्यात लिहिलं, 'पर्यायी रस्ता उत्तम स्थितीत आढळला.' मैना दारात बसली होती. ती तेवढी माझ्याकडे बघून हसली. तिच्या दारात आयुष्यात पहिल्यांदा चार चाकांची गाडी उभी होती, तिला पंचनाम्याचं काय!

जेवणं झाल्यावर तहसीलदारांनी विचारलं, "हा रस्ता केव्हापासून आहे?" नवशा छाती काढून म्हणाला, "परवाच क्येला साहेब, तुमच्यासाटी." माझ्या जिवात जीव आला. "आणि जमीन कुणाची?" नवशा म्हणाला, "आबाजी मामांची. मॅडमचं मामा." (इथे जयवंता तोंडात घास असतानाच "बांध माजा हाय" असं काहीतरी म्हणाला, पण रस्सा तिखट होता, पुढचं ऐकू आलं नाही.) "त्यांची परवानगी आहे?" तर नवशा म्हणतो, "हाय की. मॅडमचं मामा मंजे आमचं बी मामाच. घरचीच जागा!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी वकिलाला एकच गोष्ट सुचते. मी पुढची तारीख मागितली. तहसीलदारांनी ती दिली, आणि तोवर जमीनमालकाचं लेखी म्हणणं आणायला सांगितलं.

असं सगळं मजेत चाललं आहे. इकडे ऊन फार आहे. तुम्ही गुडघ्यांना जपा, चेअरमनला थोडं सांभाळून घ्या. जितेशला आशीर्वाद, मामीला पुन्हा नमस्कार.

तुमची लाडकी (असं अजून म्हणायला हरकत नसावी) भाची,
समिधा

ता. क. - आता लिहितेच आहे तर एक बारीकसं. सोबत एक कागद जोडला आहे, तेवढा सही करून पाठवा. त्यात एवढंच लिहिलंय, की माझ्या जमिनीवरून कुणालाही कधीही रस्ता नव्हता, नाही, आणि मी जिवंत असेतो मिळणार नाही. तुम्हाला हे जड जाऊ नये, तुम्ही हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून म्हणत आला आहात. तुम्ही नाही म्हणालात की वाडीला दुसरा रस्ता उरत नाही, आणि शेठची भिंत पडायची आशा राहते. स्वतःच्या अशिलांविरुद्ध स्वतःच्या मामाला उभं करणारी मी जिल्ह्यातली पहिलीच वकील असेन. स्वतःच्या मनाने मजकूर वाढवू नका. जयवंताचा उल्लेख तर अजिबात नको.

ता. क. दुसरं - सही करा, पण रागाच्या भरात जितेशला तारेचं कुंपण घेऊन पाठवू नका. कागदावर कितीही नाही म्हणा, रस्ता मात्र मैना मोकळी होईपर्यंत तसाच राहू द्या. तिला मी शब्द दिलाय. तो तुमच्या जमिनीवरून दिलाय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ता. क. तिसरं - मामा, पत्र लिहून दोन दिवस झाले तरी पाकीट बंद करायचं राहिलं म्हणून बरं झालं. आज दुपारी मी अंगठे घ्यायला वाडीवर गेले होते, तेवढ्यात मैनाच्या कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिकेसाठी एकशेआठला फोन लावला. गाडी खालच्या डांबरी रस्त्यावर आली आणि ड्रायव्हरला समोर भिंत दिसली. तो परत फिरणार, इतक्यात शेतातून जयवंता धावत गेला. डोक्याचा टॉवेल काढून हलवतोय आणि जिवाच्या आकांताने ओरडतोय, "आबाजीच्या बांधावरनं घे! आरं, आबाजीच्या बांधावरनं!" मी स्वतः ऐकलं. अख्ख्या वाडीने ऐकलं. गाडी दारात आली, मैना चालत जाऊन तिच्यात बसली. जेमतेम तुमच्या आंब्याखाली पोचली असेल, डॉक्टरांनी गाडी थांबवायला सांगितली, आणि तिथेच मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत. मी तिथे उभी राहून रडले, जयवंताही रडला, सोमीआजीने आम्हा दोघांना शिव्या दिल्या. ड्रायव्हरने त्याच्या सरकारी कागदावर जन्माचं ठिकाण विचारलं, तर जयवंताच पुढे होऊन म्हणाला, "लिव्हा, आबाजीचा बांध." मोजणीवाले इतक्यांदा येऊन गेले, त्यांना जे जमलं नाही ते असं झालं, मामा. बांध तुमचा. खुद्द जयवंताने लिहून घ्यायला लावलं.

मैनाला भाऊ नाही. ती म्हणते, पोर मामांच्या हद्दीत जन्मली, तेव्हा जावळ काढायला मांडी मामांचीच हवी. गुडघ्यांची काळजी करू नका, गाडी थेट दारापर्यंत जाते.

म्हणून आता पहिल्या कागदाबरोबर दुसराही जोडते आहे. त्यात लिहिलंय, की हा रस्ता मी उंबरमाळच्या लोकांना राजीखुशीने दिला आहे. पहिल्यावर सही केलीत तर मी बहुधा केस जिंकेन, पण हर्षद अपिलात जाईल आणि भिंत पडेतो ही मुलगी शाळेत जाऊ लागेल. दुसऱ्यावर केलीत तर माझा दावा निकालातच निघेल आणि हर्षद शिळफाट्यावर पेढे वाटेल. इतक्या आनंदाने मी आजवर एकही केस हरायला निघाले नव्हते. तरी निर्णय सर्वस्वी तुमचा. मी कसलाही आग्रह करत नाही.

ता. क. शेवटचं - आत्ताच फोनवर मामीला सगळं सांगितलं. तेव्हा पाकिटातून तुमच्या हातात दोनऐवजी एकच कागद आला, तर कुरिअरवाल्याला नोटीस पाठवू नका.